नाजूक जुळणीची कामे आणि आकड्यांची धास्ती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले असून चिंचवडला राहते. दहावीला गणितात पहिल्या वेळी नापास झाले होते आणि आजही आकडेमोड म्हटली की माझे हातपाय गळतात. मात्र गेली काही वर्षे मी घरी मोत्यांच्या नथी आणि बुगड्या करून विकते, आणि बारीक तारेचे काम मला तासन्‌तास न कंटाळता जमते. कंपनीत अशा नाजूक हातकामाची नोकरी मिळेल का, हे मी वडिलांना विचारले. ते भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे म्हणणे असे की, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) कामात गणिताशिवाय निभाव लागत नाही. हे खरे आहे का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे त्यांच्या कामापुरते अगदी बरोबर आहे. फिटरला ड्रॉइंग वाचून मापे काढावी लागतात, किती घासायचे आणि कोठे थांबायचे हे ठरवावे लागते, आणि त्यांच्या उमेदीच्या काळात तर व्हर्निअरच्या रेघा जुळवून ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे वाचन झटकन करणाऱ्यालाच चांगला कारागीर मानत असत. परंतु सुटा भाग घडवणे आणि घडवलेले भाग एकमेकांत बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत. जुळणीतही अचूकता मायक्रॉनचीच असू शकते. मात्र तेथे तो आकडा कामगाराच्या डोक्यात असावा लागत नाही, कारण डिझायनरने, टूलरूमने (हत्यारे तयार करणाऱ्या विभागाने) किंवा सेटरने (यंत्र लावून देणाऱ्याने) तो आधीच हत्यारात, गेजमध्ये (तपासणीच्या मापात) नाहीतर फिक्स्चरमध्ये (भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात) घालून ठेवलेला असतो. म्हणून नोकरी शोधताना 'हे काम अचूकतेचे आहे का' यापेक्षा 'या जागेवर आकडा कोणाकडे आहे' हा प्रश्न आपल्या अधिक उपयोगाचा आहे.

याचे सर्वांत साधे उदाहरण म्हणजे गो-नोगो गेज. समजा, १० मिलिमीटरचे एक छिद्र १०.००० ते १०.०१५ मिलिमीटरच्या दरम्यान असायला हवे. हे मायक्रोमीटरने किंवा बोअर गेजने मोजायचे तर तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत वाचन आले, ते मर्यादेत आहे की नाही हा विचार आला. गो-नोगो प्लग गेजचे एक टोक १०.००० चे असते आणि दुसरे १०.०१५ चे. पहिले टोक छिद्रात अलगद जायला हवे, दुसरे जाता कामा नये. दुसरे टोक बहुधा आखूड आणि लाल खुणेचे असते, त्यामुळे अदलाबदल होत नाही. येथे आपल्याला वाचायचे काहीच नाही. मात्र हाताला कळायला हवे की टोक आपण होऊन गेले की आपण ते दाबून घातले. जोर लावून गेज घालणारा कामगार चुकीचा भाग पुढे पाठवतो आणि गेजही झिजवतो. मोत्याला तार ओढताना ती किती ताणायची हे ज्या हाताला कळते, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

टॉर्क रेंचचेही तसेच आहे. बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा हे आधीच लावून ठेवलेले असते. ठरलेला जोर लागला की रेंच खटकन आवाज करते, आणि विजेवर चालणाऱ्या नव्या हत्यारांत हिरवा किंवा लाल दिवा लागतो. कामगाराने पाळायचा असतो तो बोल्ट आवळण्याचा क्रम, म्हणजे समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घेणे, आणि आवाज झाल्यावर हात थांबवणे.

कामाची अशी आखणी करणाऱ्यांत जपानचे अभियंते शिगेओ शिंगो यांचे नाव अग्रभागी आहे. १९६१ साली ते यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात गेले असता तेथे एका लहान स्विचची जुळणी चालू होती. स्विचमध्ये दोन बटणे होती आणि प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्प्रिंग बसवायची होती. कामगारांकडून अधूनमधून एखादी स्प्रिंग राहून जाई आणि ग्राहकाकडून तक्रार आली की सगळा माल पुन्हा तपासावा लागे. 'नीट लक्ष द्या' हे सांगून झालेले होते. शिंगो यांनी सुचवले की, प्रत्येक स्विचला हात लावण्यापूर्वी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून एका छोट्या ताटलीत ठेवाव्यात आणि मग कामाला लागावे. जुळणी संपल्यावर ताटलीत स्प्रिंग दिसली तर ती बसवायची राहिली, हे तेथल्या तेथे कळते. मोजत राहण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे ओझे डोक्यावरून उतरून ताटलीवर गेले. आज जगभरच्या कारखान्यांत ज्याला पोका-योके म्हणतात, त्या चूक होऊ न देणाऱ्या पद्धतीची ही सुरुवातीची गोष्ट, आणि आकड्यांना बिचकणाऱ्या परंतु नेटक्या हाताच्या माणसाने ती आवर्जून माहीत करून घ्यावी असे मला वाटते.

आता आपल्यासाठी प्रत्यक्ष कामे कोणती, ते पाहू. मी आपल्या जागी असते तर सर्वप्रथम वायर हार्नेसचा विचार केला असता. मोटारीत आणि दुचाकीत वायरींचा जो जुडगा असतो, तो अजूनही बऱ्याच अंशी हाताने तयार होतो, आणि पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात वाहनांचे कारखाने असल्यामुळे हे काम आपल्याकडे आहे. मोठ्या फळ्यावर हार्नेसचे पूर्ण आकाराचे चित्र लावलेले असते, त्यावर खुंट्या असतात, आणि रंग पाहून ठरलेल्या वाटेने वायरी टाकत जायचे असते. कनेक्टरमध्ये टर्मिनल (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) बसल्याचा बारीक 'टिक' आवाज ऐकायचा आणि वायर हलकेच मागे ओढून ते पक्के बसल्याची खात्री करायची. क्रिंपिंगची, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून बसवलेल्या जागेची, उंची मायक्रोमीटरने मोजतात, परंतु ते बहुधा सेटरचे आणि क्वालिटी विभागाचे काम असते. आपण पाहायचे ते असे की, तारेचे सगळे पदर आत आले आहेत का, ते टोकाशी थोडे बाहेर दिसतात का, आणि तारेवरचे आवरण क्रिंपमध्ये अडकलेले तर नाही ना.

दुसरे क्षेत्र इलेक्ट्रॉनिक बोर्डांचे. बारीक सुटे भाग आता यंत्रेच बोर्डावर बसवतात. हाताने बसवायचे मोठे भाग, हाताने करायचे सोल्डरिंग, दुरुस्ती आणि डोळ्यांनी करायची तपासणी माणसांकडे राहिली आहे. या तपासणीसाठी आयपीसी-ए-६१० हे जगभर वापरले जाणारे मानक आहे आणि त्याचा गाभा चित्रांचा आहे: चांगला सांधा कसा दिसतो, चालण्याजोगा कसा दिसतो, सदोष कसा दिसतो. सोल्डर पायाला नीट ओलावून उतरत्या कडेने पसरला आहे की गोळा होऊन बसला आहे, डायोडवरचा पट्टा बोर्डावरच्या खुणेशी जुळतो की उलटा बसला आहे, हे नजरेचे काम आहे. येथे शिस्त मात्र कडक लागते. अंगावरची स्थिर वीज साधारण ३,००० व्होल्टच्या खाली असेल तर आपल्याला जाणवतही नाही, आणि काही नाजूक सुटे भाग १०० व्होल्टच्या आतच बिघडतात. म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधूनच बोर्डाला हात लावायचा, अगदी एकच बोर्ड उचलून द्यायचा असला तरी.

याखेरीज स्विचगिअर, वीजमीटर, वैद्यकीय साधने आणि घड्याळे यांतही असे काम असते. वैद्यकीय साधनांची जुळणी स्वच्छ खोलीत होते. तेथे डोक्यापासून पायापर्यंत झाकून बसावे लागते आणि बांगड्या, नेलपॉलिश, पावडर चालत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. बंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि तेथे जुळणीच्या टेबलांवर स्त्रियांनीही काम केले. चक्राला किती दात हवेत याचे गणित डिझायनरने आधीच केलेले होते. ते चक्र चिमट्याने उचलून न थरथरता त्याच्या जागी ठेवणे हे त्यांचे कौशल्य होते.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. आकड्यांपासून पूर्ण सुटका कोणत्याही कारखान्यात नाही. भागाचा क्रमांक अक्षर-अक्षर तपासून वाचता यायला हवा; २.५ आणि २.०५ यांत मोठे कोणते हे क्षणात कळायला हवे, 'अधिक-उणे ०.१' म्हणजे काय हे समजायला हवे. दर तासाला किती नग झाले ते फळ्यावर लिहिता यायला हवे. हे सातवीपर्यंतच्या अंकगणिताच्या पलीकडचे नाही आणि ते न टाळता नेटाने पक्के करावे, असा माझा आग्रह आहे. एका गोष्टीत तर कधीही तडजोड करू नये: चेकशीटवर वाचन लिहायचे असेल आणि ते नीट कळले नसेल, तर वरच्या ओळीतला आकडा पाहून तसाच खाली उतरवू नये. आकड्यांना घाबरणाऱ्या माणसाकडून ही गोष्ट नकळत होते आणि तिचे परिणाम गाडी चालवणाऱ्या किंवा सलाईन लावलेल्या तिऱ्हाईत माणसाला भोगावे लागतात. 'मला हे वाचन दाखवा' असे सुपरवायझरला म्हणण्यात कमीपणा नाही. अनेक ठिकाणी आता डिजिटल कॅलिपर असतात आणि त्यांतले वाचन बटण दाबताच संगणकात जाते. अशी सोय आहे का, हे मुलाखतीत विचारून घ्यावे.

नथीच्या कामाचा अनुभव खरोखर मोलाचा आहे, तरी घरी आपण आपल्या लयीत काम करता आणि लाइनवर लय ठरवून दिलेली असते. तीच हालचाल पाळीभर करावी लागते. त्यासाठी स्वतःची थोडी परीक्षा घेऊन पाहावी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जोसेफ टिफिन यांनी १९४८ साली कारखान्यांतील निवडीसाठी पेगबोर्डची एक चाचणी तयार केली: छिद्रांच्या दोन रांगांत आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग दोन्ही हातांनी ३०-३० सेकंद पिना बसवायच्या, आणि शेवटी एक मिनिट पिन, वॉशर, कॉलर यांची जुळणी करायची. आजही काही ठिकाणी निवडीच्या वेळी अशा चाचण्या घेतात. घरी मोती आणि तार घेऊन डाव्या हाताचा सराव केलात तरी फायदा होईल, कारण जुळणीत बहुतेकांचा डावा हातच मागे पडतो.

प्रवेशासाठी १९६१ च्या अप्रेंटिसशिप कायद्याखालील उमेदवारी हा मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. आयटीआय न केलेल्यांनाही काही कामांत उमेदवार म्हणून घेतात, विद्यावेतन मिळते आणि करार सरकारी पोर्टलवर नोंदला जातो. ठेकेदारामार्फत गेलात तर भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन (कायमचा खाते) क्रमांक मागून घ्यावा, आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो का ते पाहावे. नोकरी लावून देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याकडे जाऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलाला डिस्कॅल्क्युलिया (आकडे समजण्याची अध्ययन अक्षमता) आहे. तसे प्रमाणपत्र असल्यामुळे दहावीला त्याने बोर्डाची सवलत घेऊन बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे अंकगणित घेतले. त्याला यंत्रे उघडून पुन्हा जोडण्याची फार आवड आहे. तो आयटीआय करू शकेल का, आणि जुळणीचे काम त्याला मानवेल का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतील.

फिटर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांसारख्या दोन वर्षांच्या ट्रेडसाठी गणित आणि विज्ञान विषयांसह दहावी उत्तीर्ण अशी अट असते. आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर सवलतीचा विषय कसा नोंदला आहे आणि तो या अटीत बसतो का, हे अर्ज भरण्यापूर्वीच आयटीआयच्या प्राचार्यांना भेटून विचारावे, आणि शक्य तर उत्तर लेखी घ्यावे. वायरमनसारख्या ट्रेडला प्रवेशाची अट याहून सौम्य आहे. प्रवेश मिळाल्यावर वर्कशॉप कॅल्क्युलेशन हा विषय येतोच. तो फार खोल नसतो, परंतु त्यासाठी पहिल्या दिवसापासून स्वतंत्र शिकवणीची तयारी ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि त्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलियाचा नावाने उल्लेख आहे, म्हणून परीक्षेतील सवलतींसाठी तेच प्रमाणपत्र आयटीआयमध्येही आधीच दाखल करावे. प्रमाणपत्र जुने झाले असेल तर मुंबईत शीव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतील अध्ययन अक्षमता केंद्रात चौकशी करावी.

काम मानवेल का, याविषयी मी आपल्याला सरसकट होकार देणार नाही. आकड्यांची अडचण असलेल्या काही मुलांना क्रम लक्षात ठेवणे आणि डावे-उजवे ओळखणे हेही जड जाते, आणि जुळणीत आकड्यांपेक्षा क्रम अधिक महत्त्वाचा असतो. आपला मुलगा यंत्र उघडून परत जोडतो तेव्हा एखादा स्क्रू उरतो का? आरशातल्यासारखा उलटा भाग बसतो का? चित्र पाहून जोडताना तो अडखळतो की सांगून केलेले चांगले जमते? आठवडाभर हे शांतपणे, त्याला परीक्षा वाटू न देता पाहावे. क्रम आणि दिशा पक्की असेल तर फक्त आकड्यांची अडचण ही या क्षेत्रात फार मोठी अडचण नाही. ६ आणि ९ किंवा १२ आणि २१ यांची गल्लत होत असेल, तर जेथे डब्यांवर बारकोड असून स्कॅनर चुकीचा भाग नाकारतो, अशी जागा पाहावी. रुजू झाल्यावर त्याने सुपरवायझरला मोकळेपणाने आणि नेमकेपणाने सांगावे: 'मला आकडे तोंडी सांगू नका, लिहून द्या.' एवढी मागणी कोणताही समंजस माणूस मान्य करतो, आणि लपवून ठेवल्याने जो ताण येतो त्यानेच चुका अधिक होतात.

प्रश्न : एका पतसंस्थेत बरीच वर्षे हिशेब लिहिल्यानंतर मला आकड्यांचा मनापासून वीट आला आहे. वय ४३. हाताने करण्याचे बारकाईचे काम मिळेल का? जवळचे वाचायला चष्मा लागतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मोठ्या कारखान्यांच्या लाइनवर नव्याने घेताना बहुधा तरुण मुलांनाच घेतात, त्यामुळे तेथे आशा कमी ठेवावी. कंट्रोल पॅनेल तयार करणाऱ्या लहान कार्यशाळा मात्र सातपूर, अंबड भागात आहेत आणि तेथे नीटनेटके वायरिंग करणारा माणूस वयाने मोठा असला तरी चालतो. पॅनेल वायरिंगमध्ये प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाचे फेरूल (क्रमांक छापलेल्या बारीक नळ्या) चढवायचे असतात. तेथे बेरीज-वजाबाकी नाही, फक्त जुळवणी आहे, आणि वर्षानुवर्षे खतावण्या ताडून पाहिलेल्या माणसाच्या नजरेला ती सवय असतेच. आधी रंगांधळेपणाची इशिहारा चाचणी करून घ्यावी, कारण वायरींचे रंग ओळखता येणे अनिवार्य आहे. चष्मा अडथळा ठरत नाही. काम डोळ्यांपासून किती अंतरावर असते ते नेत्रतपासनिसाला सांगून त्या अंतराचा चष्मा करून घ्यावा. सुरुवातीचा पगार आजच्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे, म्हणून घरच्यांशी बोलून आणि पतसंस्थेतील नोकरी न सोडता सुट्टीच्या दिवशी काही आठवडे हाताखाली काम करून मग निर्णय घ्यावा, असे मी सुचवीन.

प्रश्न : हार्नेसच्या लाइनवर माझे काम चांगले असल्यामुळे मला लाइन लीडर करणार आहेत. तेथे रोज रिजेक्शन, पीपीएम, टॅक्ट टाइम असे आकडे भरावे लागतात. ते जमणार नाही या भीतीने बढती नाकारावी असे वाटते.
– एक वाचक, शिरूर

उत्तर : कृपया नाकारू नका. आपल्याला भीती वाटते ती तीन हिशेबांची, आणि ते तिन्ही रोज त्याच साच्यात येतात. १५० हार्नेस झाले आणि ३ परत आले, तर ३ भागिले १५० गुणिले १००, म्हणजे रिजेक्शन २ टक्के. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, म्हणून २ टक्के म्हणजे २०,०००. पाळीत जेवण आणि चहा वगळून ४५० मिनिटे मिळत असतील आणि ४५० हार्नेस द्यायचे असतील, तर एका हार्नेसला ६० सेकंद, हा टॅक्ट टाइम. हे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करायला कोणाची हरकत नसते. कारखान्यात मोबाइलला बंदी असेल तर साधा कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवण्याची परवानगी मागावी. ही तीन उदाहरणे एका कार्डावर लिहून फळ्याशेजारी लावावीत आणि सुरुवातीचे काही दिवस सध्याच्या लीडरने भरलेला तक्ता पाहण्यापूर्वी स्वतः हिशेब करून मग ताडून पाहावे.

लाइन लीडरच्या कामाचा मोठा भाग तक्त्याबाहेर असतो. कोणत्या स्टेशनवर टर्मिनल अर्धवट बसते आहे, कोणाचे हात दुपारनंतर दमतात, नव्या मुलीला कोणता रंग ओळखायला वेळ लागतो, हे टक्केवारीत उशिरा दिसते आणि फळ्यापाशी उभे राहून काम केलेल्या माणसाला लगेच दिसते. ते आपल्याला दिसते म्हणूनच आपली निवड झाली असणार. बढती स्वीकारताना एवढेच मागून घ्यावे की, पहिला महिनाभर पाळी संपताना तक्ता पुढे जाण्याआधी सुपरवायझरने आपल्यासोबत एकदा तपासावा.